शेवटच्या खांबापासून

मा. सुजाताताई सरकटे यांची आणि माझी पहिली भेट ठरली होती जऊळक्याच्या बाजूच्या एका वीज उपकेंद्राच्या फाटकात. प्रत्यक्षात ती झाली तिथून कितीतरी दूर, एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. त्या आमच्या विभागाच्या कार्यकारी अभियंता म्हणून नुकत्याच रुजू झाल्या होत्या आणि मी नवखा कनिष्ठ अभियंता होतो. मोठ्या मॅडम पहिल्यांदा येणार म्हणून आम्ही उपकेंद्राला चुना मारला होता, गवत काढले होते, फाटकापासून आतल्या खोलीपर्यंत रांगोळी घातली होती. आमचे ज्येष्ठ लाइनमन रफिकभाई यांनी खास वाशिमहून गुलाबांचा गुच्छ आणला होता.

ऊन वर आले, गुलाबांनी माना टाकल्या, मॅडमचा पत्ता नाही. अखेर फोन आला. "मी तुमच्या फीडरच्या शेवटच्या खांबाजवळ उभी आहे. तुम्ही सगळे कुठे आहात?"

फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघून गावोगाव जाणारी विजेची वाहिनी. तिचा शेवटचा खांब म्हणजे आमच्या लेखी जगाचे टोक. आम्ही गुच्छासकट जीपमध्ये बसलो आणि चिखलातून, बाभळींतून वाट काढत तिथे पोहोचलो. धुऱ्यावरच्या एका लहानशा घरासमोर मॅडम खाटेवर बसल्या होत्या आणि घरधनी आजोबा त्यांना संशयाने न्याहाळत होते.

"बाई, लाइन कापाले आल्या का तुमी?"

"नाही बाबा, पाहाले आली. कशी राह्यते लाइन?"

"राह्यते ना! दिवा लागला हाय का नाही हे पाहाले काडी ओढा लागते, एवढंच."

मॅडम मनापासून हसल्या. मग त्यांनी घरातला दिवा लावायला सांगितला. तापलेल्या तारेचा लाल धागा तेवढा दिसत होता. त्या माझ्याकडे वळल्या आणि एकदम शुद्ध कार्यालयीन मराठीत विचारले, "उपकेंद्रात मीटर व्होल्टेज किती दाखवतो?" मी म्हणालो, अगदी बरोबर दाखवतो. "उपकेंद्रात सगळं बरोबरच असतं," त्या म्हणाल्या. "म्हणून मी इकडून सुरुवात करते." गुच्छ त्यांनी आजोबांच्या खाटेवर ठेवला आणि आमचे बोलणे संपेपर्यंत आजोबांच्या शेळीने तो निम्मा फस्त केला. रफिकभाईंचा चेहरा मला अजून आठवतो.

पुढे मला त्यांच्या हाताखाली बरीच वर्षे काम करायला मिळाले, आधी त्या विभागात आणि नंतर वाशिमला त्यांच्या कार्यालयात. या सगळ्या काळात त्यांनी पाहणीला कधी उपकेंद्रापासून सुरुवात केली नाही. जीप आधी शेवटच्या खांबाशी जायची आणि मग एकेक खांब मागे येत येत उपकेंद्र गाठायचे. आम्ही या प्रकाराला आपसांत 'उलटी जत्रा' म्हणत असू. चहा-नाश्ता उपकेंद्रात ठेवलेला असायचा आणि तो आमच्या वाट्याला अगदी शेवटी, गार होऊन यायचा. मॅडमना याचे काही वाटत नसे, कारण त्या स्वतः जीपमध्ये बसल्या की दुसऱ्या मिनिटाला झोपी जात आणि नेमक्या शेवटच्या खांबाजवळ जाग्या होत. त्या घोरतात असे मी म्हटले तर त्या आजही मान्य करणार नाहीत. पण चालक साक्षीला आहे.

एकदा शिरपूरच्या रस्त्याने जाताना मात्र त्या जाग्या होत्या. शिरपूर जैनच्या शाळेत त्या शिकल्या. त्यांचे गाव तिथून आत, त्यामुळे रोज एसटीने ये-जा, आणि शिरपूरच्या जैन देवळाला येणाऱ्या यात्रेकरूंनी गाडी भरलेली असली की दप्तर कुणाच्या तरी मांडीवर. आता वाचकांना वाटेल, मी लिहिणार की मॅडमनी रस्त्यावरच्या खांबाच्या दिव्याखाली बसून अभ्यास केला. मलाही तसेच वाटले होते आणि मी तसे बोलूनही गेलो. मॅडम म्हणाल्या, "अरे, खांब असता तर बसले असते की!" गावात वीज आली तेव्हा खांबांची रांग सरपंचांच्या गोठ्यापाशी येऊन थांबली होती. पलीकडे बौद्ध वस्ती होती. तिथे "पुढच्या साली" असे सांगून माणसे गेली, आणि ते पुढचे साल यायला मॅडमचे शालेय शिक्षण संपावे लागले. हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. गोठ्यातल्या बैलांना लख्ख उजेड होता आणि ते कसे टकामका पाहत, याचेच वर्णन त्यांनी रंगवून केले. मी मात्र त्यानंतर उलट्या जत्रेबद्दल कुरकुर केली नाही. निदान मोठ्याने तरी नाही.

त्यांचे वडील सुखदेवराव मजुरीला जात. आई गंगूबाई ई-क्लासचा एक तुकडा वाहत. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ई-क्लास म्हणजे सरकारी गायरान. नावावर जमीन नसलेल्या कितीतरी कुटुंबांनी, त्यात बौद्ध कुटुंबे पुष्कळ, पिढ्यान्‌पिढ्या तिथले दगड वेचून वावर तयार केले आहे. हाती कागद नसतो, पीक मात्र असते. गंगूबाईंच्या त्या तुकड्यातल्या ज्वारी-तुरीवर मॅडमचे अमरावतीचे अभियांत्रिकीचे शिक्षण झाले. आईचा विषय निघाला की मॅडमचे बोलणे आपोआप वऱ्हाडीवर येते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यांच्या कामाची पद्धत सांगायची तर डीपीची गोष्ट सांगावी लागेल. गावकरी ज्याला डीपी म्हणतात ते रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. रब्बीच्या ऐन हंगामात डीपी जळाला की शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळते आणि मग पुढाऱ्यांचे फोन सुरू होतात. मॅडमनी एक रीत घालून दिली: ज्याचा आधी जळाला, त्याला आधी मिळेल. एकदा एका वजनदार पुढाऱ्यांचा माणूस ट्रॅक्टर घेऊन थेट कार्यालयाच्या दारात आला आणि साहेबांचा फोन जोडून देऊ लागला. मॅडमनी फोन घेतला, अदबीने नमस्कार केला आणि म्हणाल्या, "साहेब, तुमच्या माणसाला मी चहा देते. त्यांच्या आधी दोन गावं आहेत, ती उरकली की त्यांचंच." त्या माणसाला खरोखर चहा मिळाला, पोहेही मिळाले. डीपी मात्र त्याच्या पाळीनेच मिळाला. तो माणूस पुढे मॅडमचा इतका भक्त झाला की लग्नाची पत्रिका घेऊन पहिल्यांदा त्यांच्याकडे आला.

त्यांच्या मायेचा अनुभव आमच्यापैकी प्रत्येकाला आहे. रफिकभाई एकदा खांबावर काम करीत असताना कुणाच्या तरी घरच्या इन्व्हर्टरची वीज उलटी तारेत आली आणि त्यांचा हात भाजला. अकोल्याच्या दवाखान्यात त्यांच्या पत्नी शबानाभाभी एकट्याच होत्या. मॅडम बैठक सोडून तिथे गेल्या आणि नातेवाईक येईपर्यंत भाभींच्या शेजारी बाकावर बसून राहिल्या. हात बरा झाला, पण पूर्वीची ताकद आली नाही. रफिकभाई खचून म्हणाले, "मॅडम, माह्या हाताले आता पाना नाही पेलत." मॅडम म्हणाल्या, "मग माऊस धरा. तो पान्यापेक्षा हलका असतो." त्यांनी रफिकभाईंना संगणक शिकायला लावला, उपकेंद्रात बैठे काम मिळवून दिले आणि येता-जाता त्यांची परीक्षा घेतली. आज रफिकभाई तक्रारींची नोंद इतक्या झपाट्याने करतात की तरुण पोरे त्यांना 'मशीनभाई' म्हणतात.

कौतुकच करीत सुटलो, तर एक तक्रारही नोंदवतो. मॅडम खांब विसरत नाहीत, माणसांची नावे विसरतात. माझे नाव सुभाष. त्या मला वर्षानुवर्षे 'सतीश' म्हणत आल्या. सुरुवातीला दुरुस्त करायचा धीर झाला नाही आणि नंतर मलाच ते नाव आवडायला लागले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. हा लेख लिहायला घेण्याआधी मी मॅडमना फोन केला आणि विचारले, "तुमच्याकडून झालेल्या त्या चुकीबद्दल लिहू का?" मॅडमच्या या गौरवग्रंथात असे काही घालावे की नाही, याचा मला संकोच होता. त्या ताडकन म्हणाल्या, "ते नसेल तर लिहूच नको. नुसती आरती माझ्या घरात ठेवायला जागा नाही." त्यांची परवानगी अशी मिळाली.

माझे गाव किन्हीराजापासून आत आहे. त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या घरी भाजीपाल्याची बागायत आहे: मेथी, कोथिंबीर, वांगी. थोरले बंधू गजाननभाऊ ती पाहतात आणि माल मालेगाव-वाशिमच्या बाजारात जातो. शेतीच्या फीडरला वीज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की थंडीच्या दिवसांत, अंधारात, पाण्यात पाय बुडवून भाजीला पाणी द्यावे लागते. आमच्या वावरात हे काम विलास करीत असे. विलास गावातल्या गयाबाईंचा मुलगा. त्याला स्वतःची मुलेबाळे आहेत, पण त्याची रात्रपाळी असली की तो घरी येईपर्यंत गयाबाईंच्या डोळ्याला डोळा लागत नसे. साप-विंचू काही मालक आणि मजूर पाहून चावत नाहीत.

याच सुमारास शेतीच्या फीडरना सौर विजेवर आणायची योजना आली. उपकेंद्राजवळ सोलरच्या प्लेटा बसवायच्या आणि त्यांची वीज दिवसा शेतीला द्यायची. मॅडम तेव्हा अधीक्षक अभियंता झाल्या होत्या, म्हणजे अख्ख्या जिल्ह्याची जबाबदारी. त्या या योजनेवर अक्षरशः तुटून पडल्या. "सेवानिवृत्तीच्या आधी एका तरी फीडरवर रात्रीचं पाणी बंद झालेलं मला पाहायचं आहे," असे त्या बैठकीत उघड बोलल्या. पहिला फीडर त्यांनी निवडला तो आमच्या गावचा, कारण त्याच्या टोकाशी सगळ्यात जास्त हाल होते. मला आनंद झाला. गजाननभाऊंना तर इतका झाला की त्यांनी मॅडमसाठी माझ्या हाती वांग्यांची पिशवी दिली.

जागा हवी होती उपकेंद्राला लागून. कागदावर तिथे ई-क्लासची जमीन होती आणि पुढे शब्द लिहिला होता: पडीक. दिवसाला तीन बैठका, वरून रोज विचारणा, जिल्हाभरच्या जागा एका झटक्यात ठरवायच्या. मॅडमनी वाशिमला बसून त्या जागेवर सही केली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच जत्रा उलटी निघाली नाही.

आखणीच्या दिवशी आम्ही तिथे गेलो. दिवस थंडीचे, तूर शेंगांनी लगडलेली. कंत्राटदाराची माणसे पांढऱ्या फक्कीची गोणी घेऊन तुरीतून रेघ मारत निघाली होती. इतक्यात तुरीतूनच एक बाई उभी राहिली, हाती विळा. त्या गयाबाई होत्या.

"काय करून राह्यले बापू तुमी?"

"मावशी, इथे सोलर बसणार. तुमच्या गावाला दिवसा लाइन येणार," आखणी करणारा म्हणाला.

"मंग त बेस झालं! पण तूर निघाल्यावर बसवसान ना? अन् पुढच्या साली मी कोठी पेरू?"

त्याने वळून जीपकडे पाहिले. मॅडम जीपमधून उतरल्या. झोप कुठल्या कुठे पळाली होती. त्या धुऱ्यावर रचलेल्या दगडांच्या राशीकडे पाहत राहिल्या. ती रास चांगली माणसाच्या कमरेइतकी होती आणि धुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.

"मावशी, हे गोटे कोणं वेचले?"

"आधी सासऱ्यानं. मंग मालकानं. ते गेल्यावर म्या."

मॅडम त्या राशीवर बसल्या. मला म्हणाल्या, "सतीश, हे पडीक आहे का?"

मी म्हणालो, "मॅडम, कागदावर..."

"कागदावर सही माझी आहे, ते मला माहीत आहे. मी वावराबद्दल विचारते."

त्या गयाबाईंकडे वळल्या. "मावशी, माही माय असंच वावर वाह्यत होती. तिच्या वावराले कोणी पडीक म्हनलं असतं त म्या त्याचं डोक्सं फोडलं असतं. अन् आता म्याच लिहून देल्लं."

गयाबाईंनी विळा खाली ठेवला. त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. "बाई, दिवसाची लाइन आमाले पायजेच. माहा विलास रातभर पान्यात उभा राह्यते, मले झोप नाही येत. पण वावर घिऊन लाइन देसान, त मी दिवसा पाहू काय?"

मॅडमनी फक्कीच्या रेघेवर माती ओढायला लावली. माणसे पायाने माती ढकलत होती आणि मॅडम रेघ पूर्ण मिटेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. परतीच्या वाटेवर त्या झोपल्या नाहीत. त्या दिवशी त्यांच्याकडे पाहून मला वाईट वाटले आणि त्यांचा अभिमानही वाटला, हे मी आज पहिल्यांदा सांगतो आहे.

त्यांनी जागेची निवड आपल्याकडून चुकली असे वर स्वच्छ शब्दांत कळवले. पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. जागा लवकर मिळाली नाही तर योजना दुसऱ्या तालुक्यात जाईल, असे त्यांना सांगण्यात आले. वरच्या एका अधिकाऱ्याने समजुतीच्या सुरात म्हटले की त्या लोकांकडे कागद नाही, आपल्याला कुणी अडवू शकत नाही. फोन चालू होता आणि मी समोर बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, "कागद नाही हे खरं आहे. तूर आहे हेही खरं आहे. सूर्याची वीज आपण स्वच्छ म्हणून विकतो. ती एखाद्याचं वावर पुसून आणली, तर मी तिला स्वच्छ म्हणणार नाही."

उपकेंद्राजवळ दुसरी एकच जागा होती: बरड. मुरमाड, दगडांची टेकडी. ती होती आमची आणि शेजारच्या दोघा बागायतदारांची. गजाननभाऊंच्या मनात तिथे आंब्याची बाग लावायची होती. ही बाग ते मी शाळेत असल्यापासून लावत आहेत.

मॅडमनी ग्रामपंचायतीच्या सभागृहात बैठक घेतली. एका बाजूला माझे साहेब, दुसऱ्या बाजूला माझा भाऊ आणि मधे मी. माझी अवस्था काय झाली असेल, ती वाचकांनीच समजून घ्यावी. मॅडमनी उभे राहून सगळ्यांसमोर सांगितले, "मी न पाहता सही केली. गयाबाईंच्या आणि आणखी पाच-सहा घरांच्या वावरावर मी पडीक लिहिलं. चूक माझी आहे. आता मला तुमची बरडाची जागा भाड्याने पाहिजे."

गजाननभाऊ उठले. "मॅडम, चूक तुमची, मंग जमीन आमची काहून?"

"भाऊ, दिवसाची लाइन कोणाच्या मोटारीले पायजे?"

"आमच्या."

"मंग प्लेटा कोणाच्या वावरात बसल्या पायजे?"

सभागृहात चुळबुळ झाली. कुणी म्हणाले, ई-क्लास सरकारची आहे, त्यात कोणाचे काय जाते. तेव्हा दाराशी बायकांत उभ्या असलेल्या गयाबाई पुढे आल्या. "गजाननभाऊ, तुमच्या मेथीले पानी कोण देते? विलास ना? माह्या वावरात प्लेटा बसल्या त त्याले गावात काय राह्यलं? तो लेकरं घिऊन पुन्याले जाईन. मंग लाइन दिवसा येवो का राती, बटन कोण दाबते?"

गजाननभाऊ चप्पल घालून निघून गेले. त्यांनी माझ्याशीही बोलणे टाकले. मी गावी गेलो की ते वावरात जात आणि मी वावरात गेलो की ते घरी येत. योजना हातची जाणार असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. मॅडमची निवृत्ती जवळ आली होती आणि कॅलेंडरकडे बघायचे त्या टाळत.

कोंडी फोडली ती आमच्या वहिनींनी. जेवायला वाढताना त्या भाऊंना म्हणाल्या, "आंबे कवा लावसान? लगन झालं तवापासून आइकून राह्यली मी. कलमं आननं त दूर, एक खड्डा नाही खंदला." भाऊ त्या दिवशी अर्ध्या भाकरीवरच उठले, असे वहिनी सांगतात. दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या दोघांना घेऊन वाशिमला मॅडमच्या केबिनमध्ये हजर झाले, हाती पुन्हा वांग्यांची पिशवी.

"मॅडम, बरडावर कुसळाशिवाय काही येत नाही. घिऊन टाका. पण एक कोपरा सोडा, दोन आंबे लावाचे हायेत."

मॅडमनी नकाशा मागवला आणि भाऊंच्या देखत पेन्सिलीने कोपरा सोडला. भाऊ गेल्यावर त्यांनी पिशवीत डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "वांगी मात्र पहिल्यापेक्षा बरी आहेत." एवढे बोलून त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

जागा बदलण्यात जो वेळ गेला तो गेलाच. प्लेटा बसायच्या आत मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सुभाष, ते काम पुरं कर." इतक्या वर्षांनी माझे खरे नाव ऐकले आणि मला एकदम चुकल्या-चुकल्यासारखे झाले.

काम पुरे झाले. उद्घाटनाला उपकेंद्रात मांडव होता, पाहुणे होते, हार होते, रांगोळी तर होतीच. मॅडमना निमंत्रण होते, खुर्चीवर त्यांच्या नावाची चिठ्ठी होती आणि खुर्ची रिकामी होती. आयोजक मला विचारू लागले, मॅडम कशा आल्या नाहीत? मला हसू आले. फीत कापून झाल्याबरोबर मी मोटरसायकल काढली.

या फीडरचा शेवटचा खांब आमच्याच मेथीच्या वावरात आहे. धुऱ्यावर मॅडम उभ्या होत्या, दुखरा गुडघा दाबत. शेजारी गयाबाई, त्यांच्या मागे गजाननभाऊ आणि वहिनी. डोक्यावर टळटळीत ऊन. विलासचा हात स्टार्टरच्या पेटीवर होता. मी म्हणालो, आली लाइन. त्याने बटन दाबले, मोटार घुमली, पाइपाने आधी दोन उचक्या दिल्या आणि पाणी वाफ्यात शिरले. विलास त्या पाण्याकडे बघत राहिला आणि मग जरा गोंधळूनच म्हणाला, "आता मी राती काय करू?"

गयाबाई म्हणाल्या, "झोप."

मॅडमनी चपला काढल्या आणि त्या वाफ्यातल्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. मला तो क्षण डोळे भरून पाहायला मिळाला, हे मी माझ्या नोकरीतले मोठे भाग्य समजतो.

आज मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत. या ग्रंथाच्या सुरुवातीला मान्यवरांचे शुभसंदेश आहेत, मोठमोठ्या अधिकाऱ्यांचे लेख आहेत आणि ते तिथे शोभतात. संपादक मंडळी मलाही बऱ्यापैकी पुढची जागा देत होती. मी हात जोडून शेवटची मागून घेतली. आपल्याला मॅडमची सवय ठाऊक आहे. हे पुस्तक हाती पडले की त्या ते मागून उघडणार.

तेव्हा मॅडम, तुम्ही हे सगळ्यांच्या आधी वाचत आहात असे मी धरून चालतो. मान्यवर थोडे थांबतील. भाऊंनी सोडलेल्या कोपऱ्यात दोन आंबे अखेर लावले आहेत आणि एकाला यंदा नवी पालवी आहे. वहिनींचा अजून विश्वास बसलेला नाही. लेख लिहितो आहे हे कळल्यावर गयाबाईंनी तुमच्यासाठी निरोप दिला आहे. तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, हे मला माझ्या शब्दांत लिहायचे होते, पण त्यांच्या निरोपात ते आले आहे, म्हणून तोच जसाच्या तसा उतरवतो:

"बाईले म्हना, तूर भरली हाय. शेंगा खाले ये. अन् यंदाच नाही, दरसाल ये."